मानसशास्त्र म्हणजे नक्की कशाचा अभ्यास?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: मुलगी बारावीनंतर मानसशास्त्र घ्यायचं म्हणते. तिच्या पुस्तकात ‘वर्तन आणि मानसिक प्रक्रियांचा शास्त्रीय अभ्यास’ अशी व्याख्या दिली आहे. ती वाचून तुम्हाला वाटलं, यात तर जगातलं सगळंच मावतं, मग या विषयाची हद्द कुठे? आणि ‘शास्त्रीय’ हे खरंच, की भारदस्त वाटावं म्हणून लावलेलं बिरुद?

तक्रार रास्त आहे. ‘वर्तन’ म्हटलं की लोकल पकडण्यापासून लग्न मोडण्यापर्यंत सगळं आलं आणि ‘मानसिक प्रक्रिया’ म्हटलं की उरलंसुरलंही आलं. माणसाचं वागणं आणि मन यांवर तर कीर्तनकार बोलतात, कादंबरीकार लिहितात, वकील उलटतपासणी करतात आणि विमा विकणारे पोट भरतात. ते मानसशास्त्रज्ञ नव्हेत आणि त्यांच्यातले काही जण माणूस ओळखण्यात आमच्याहून तरबेज असतात, हेही मान्य. म्हणून व्याख्येतल्या पहिल्या दोन शब्दांवरून हा विषय कळत नाही. सगळा भार ‘शास्त्रीय’वर आहे.

मी बरीच वर्षं दवाखान्यात पेशंट पाहतो आणि सोबत कॉलेजात शिकवतो. मला या विषयाची ओळख अशी करून द्यावीशी वाटते: मन कुणालाच दिसत नाही. दिसतं ते माणूस काय बोलतो, काय करतो, त्याला किती वेळ लागतो, कुठे चुकतो आणि तेव्हा त्याच्या शरीरात काय होतं. या दिसणाऱ्या गोष्टींवरून न दिसणाऱ्या गोष्टींबद्दल अनुमान काढायचं, आणि ते अशा रीतीने तपासायचं की चूक असेल तर ते उघडं पडलंच पाहिजे. हे ज्या नियमांनी चालतं त्यांचं नाव मानसशास्त्र. गेल्या दीडशे वर्षांत व्याख्या बदलत गेली ती कुणाला नवी सुचली म्हणून नव्हे. कोणता पुरावा ग्राह्य धरायचा यावरून भांडणं झाली, आणि प्रत्येक भांडणानंतर व्याख्या हलली.

पहिली व्याख्या जाणिवेची होती. जर्मनीत लाइपझिगला विल्हेल्म वुंट यांनी १८७९ मध्ये प्रयोगशाळा उघडली. बहुतेक पाठ्यपुस्तकं विषयाचा जन्म तिथून मोजतात. अनुभव कशाकशाचा बनलेला असतो हे शोधायचं, आणि त्यासाठी तालीम दिलेल्या माणसांनी ठरावीक उत्तेजक समोर आल्यावर आपल्या आत काय झालं ते नेमकेपणाने सांगायचं, अशी पद्धत. त्याआधी, १८६८ मध्ये, हॉलंडमध्ये डोंडर्स यांनी आणखी साधी गोष्ट केली होती. दिवा लागताच बटण दाबायला किती वेळ लागतो, आणि दोन दिव्यांपैकी कोणता लागला ते ओळखून योग्य बटण दाबायला किती, हे मोजायचं. दुसऱ्यातून पहिला वजा केला की निवड करण्याचा वेळ हाती येतो. विचाराला वेळ लागतो आणि तो मोजता येतो, ही त्या काळी केवढी धाडसी कल्पना होती! अमेरिकेत विल्यम जेम्स यांनी १८९० मध्ये मानसशास्त्राला मानसिक जीवनाचं शास्त्र म्हटलं, त्यातल्या घटनांचं आणि त्या घडवणाऱ्या परिस्थितीचंही. मला ही व्याख्या आजही आवडते, ती ‘परिस्थिती’मुळे.

पण आत पाहून सांगण्याची पद्धत लवकरच अडकली. जर्मनीतल्याच वुर्ट्झबर्गच्या प्रयोगशाळेतले निरीक्षक सांगू लागले, की काही विचारांसोबत डोळ्यांपुढे कसलंही चित्र येत नाही, कसलंही संवेदन जाणवत नाही. विचार नुसता येतो. अमेरिकेत कॉर्नेलला टिचनर यांचे निरीक्षक सांगत, की नीट पाहिलं तर प्रत्येक विचारामागे कुठलं तरी संवेदन सापडतंच. आता निवाडा कसा करायचा? तुमच्या डोक्यात चित्र आलं की नाही, हे तुमच्याखेरीज कुणाला कळणार? दोन्ही प्रयोगशाळा एकमेकींना ‘तुमच्या माणसांची तालीम कच्ची’ असं म्हणत राहिल्या. वाद सुटला नाही, कारण त्या पद्धतीत तो सुटण्याची सोयच नव्हती.

या कोंडीला कंटाळून १९१३ मध्ये जॉन वॉटसन यांनी मनालाच व्याख्येतून हाकलून दिलं. मानसशास्त्र म्हणजे वर्तनाचं निखळ वस्तुनिष्ठ शास्त्र, वर्तनाचं भाकीत आणि नियंत्रण हे त्याचं ध्येय, जाणिवेबद्दल बोलायचंच नाही. आज हे टोकाचं वाटतं, पण त्या शिस्तीने विषयाचं भलं केलं. भीती शिकली जाते, तर ती विसरवताही येईल, या विचारातून मेरी कव्हर जोन्स यांनी १९२४ मध्ये सशाला घाबरणाऱ्या एका लहान मुलाची भीती घालवली. त्याला आवडता खाऊ देत, ससा हळूहळू जवळ आणत. कुत्र्याला किंवा लिफ्टला घाबरणारी माणसं आज माझ्याकडे येतात, तेव्हा आम्ही जी पायऱ्यापायऱ्यांनी भीतीला सामोरं जाण्याची उपचारपद्धती वापरतो, तिची पाळंमुळं तिथे आहेत.

वॉटसन यांच्या या ‘फक्त वर्तन’ मताला, म्हणजे वर्तनवादाला, धक्का दिला तो उंदरांनी. टोलमन आणि होन्झिक यांचा १९३० सालचा प्रयोग पाहा. उंदरांचे तीन गट चक्रव्यूहात सोडले. एका गटाला शेवटी रोज खाऊ मिळे, त्यांच्या चुका हळूहळू कमी झाल्या. दुसऱ्याला कधीच मिळत नव्हता, ते रमतगमत फिरत राहिले. तिसऱ्याला दहा दिवस काही मिळालं नाही आणि अकराव्या दिवशी खाऊ ठेवला. बाराव्या दिवशी या तिसऱ्या गटाच्या चुका एकदम घसरल्या. पहिल्या दिवसापासून खाऊ मिळवणाऱ्या गटाची त्यांनी बरोबरी केली. म्हणजे ते दहा दिवस उंदीर शिकत होते. वर्तनात मात्र त्याचा मागमूस नव्हता. शिकणं आणि शिकलेलं दिसणं या दोन वेगळ्या गोष्टी निघाल्या, आणि ‘आत’ काहीतरी मानल्याशिवाय या आकड्यांचा अर्थ लागेना. पुढे १९५० च्या दशकात संगणक आणि भाषाविज्ञान यांच्या संगतीने ‘आत’बद्दल बोलणं पुन्हा प्रतिष्ठित झालं. मुलीच्या पुस्तकातली जोडव्याख्या, वर्तन आणि मानसिक प्रक्रिया, ही या तहाची कलमं आहेत. मनाबद्दल बोला, पण पुरावा वर्तनाचा आणा.

हा तह पेशंटच्या बाबतीत कसा दिसतो, ते एका माणसावरून सांगतो. अमेरिकेत १९५३ मध्ये हेन्री मोलेसन या सत्तावीस वर्षांच्या तरुणावर शस्त्रक्रिया झाली. त्याला अपस्माराचे भयंकर झटके येत. ते थांबावेत म्हणून शल्यविशारद स्कोव्हिल यांनी त्याच्या मेंदूच्या दोन्ही बाजूंचा, कानशिलाच्या आतला काही भाग काढून टाकला. झटके पुष्कळ कमी झाले, पण त्या दिवसापासून त्याला नवी आठवण राहिना. डॉक्टर खोलीबाहेर जाऊन परत आले की नव्याने ओळख करून द्यावी लागे. बोलणं शाबूत, बुद्धी शाबूत, बालपणही बऱ्यापैकी आठवणारं. मग माँट्रियलच्या ब्रेंडा मिल्नर यांनी त्याला एक काम दिलं: आपला हात थेट न पाहता, आरशात पाहून चांदणीच्या दोन रेषांमधून पेन्सिल फिरवायची. करून पाहा, पहिल्यांदा हात भलतीकडेच जातो. मोलेसनचाही गेला. पण तीन दिवसांत त्याचा हात सराईत झाला, आणि दर वेळी त्याला वाटत होतं, की हे आपण आयुष्यात प्रथमच करतोय.

त्याला विचारलं असतं तर त्याने प्रामाणिकपणे ‘मला हे येत नाही’ म्हटलं असतं. निव्वळ त्याच्या सांगण्यावर विसंबलं तर चूक. निव्वळ हात पाहिला तर हे कळणार नाही, की या माणसाला स्वतःच्या कौशल्याचा पत्ताच नाही. दोन्ही नोंदी शेजारी ठेवल्या तेव्हा कुठे लक्षात आलं, की ज्याला आपण सरसकट स्मृती म्हणतो तिच्यात वेगवेगळ्या व्यवस्था आहेत आणि एक मोडली तरी दुसरी चालू राहते. मोलेसन २००८ मध्ये वारला. तोवर शास्त्रीय लेखांत तो फक्त ‘एच. एम.’ होता.

आता ‘शास्त्रीय’ या बिरुदाकडे येतो. माझ्या मते या विषयाचा खरा आद्यपुरुष एक घोडा आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बर्लिनमध्ये फॉन ओस्टेन नावाचे निवृत्त गणितशिक्षक आपल्या हान्स या घोड्याचे खेळ दाखवत. बेरीज विचारा, अपूर्णांक विचारा, आजची तारीख विचारा. हान्स खूर आपटून बरोबर उत्तर देई. मालक पैसे घेत नसत आणि त्यांचा स्वतःचा त्यावर पूर्ण विश्वास होता. १९०४ मध्ये जाणत्या लोकांची समिती बसली. त्यांना कुठलीही लबाडी सापडली नाही, आणि लबाडी नव्हतीच. मग ऑस्कर फुंग्स्ट या तरुण संशोधकाने एक साधी युक्ती केली. प्रश्न विचारणाऱ्यालाच उत्तर माहीत नसेल, अशी व्यवस्था केली. हान्सचं गणित त्या क्षणी संपलं. विचारणारा दिसू नये म्हणून झापडं लावली, तेव्हाही संपलं. घोडा गणित करत नव्हता, माणूस वाचत होता. खूर बरोबर आकड्याला पोचला की विचारणाऱ्याचं डोकं किंचित, नकळत वर उचललं जाई आणि हान्स थांबे.

यानंतर फुंग्स्ट यांनी जे केलं त्यासाठी मी त्यांना मानतो. ते स्वतः घोडा झाले. लोकांनी मनात आकडा धरायचा आणि फुंग्स्टनी हाताने टकटक करून तो ओळखायचा. बहुतेकांच्या बाबतीत जमलं. इतकंच काय, ही खूण माहीत झाल्यावरही स्वतः प्रश्न विचारताना ती दाबणं त्यांना जमेना. हा वृत्तांत १९०७ मध्ये प्रसिद्ध झाला. औषधांच्या चाचण्यांत कुणाला खरी गोळी मिळाली हे रुग्णापासून आणि डॉक्टरांपासूनही लपवून ठेवतात, त्यामागचं भय हेच आहे.

हा जुना किस्सा मी इतका लांबवला, कारण तो जुना झालेला नाही. १९९० च्या सुमारास अमेरिकेत एक पद्धत गाजली. न बोलणाऱ्या स्वमग्न मुलाचा हात किंवा मनगट मदतनीसाने धरायचं आणि मुलाने कीबोर्डवर अक्षरं दाबायची. ज्या मुलांनी कधी शब्द उच्चारला नव्हता ती लांबलचक वाक्यं लिहू लागली, कविता लिहू लागली. आईबापांच्या डोळ्यांत पाणी आलं. मग कुणीतरी फुंग्स्टचा प्रश्न विचारला: मदतनीसाला उत्तर माहीत नसेल तर? मुलाला एक चित्र दाखवलं आणि मदतनीसाला दुसरं. कीबोर्डवर उमटलं ते मदतनीसाने पाहिलेलं चित्र. मदतनीस खोटारडे नव्हते. आपणच लिहितोय हे त्यांना कळत नव्हतं, आणि कळल्यावर त्यांतले कित्येक कोसळले. अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनने १९९४ मध्ये ठराव करून सांगितलं, की या पद्धतीच्या यशाला शास्त्रीय आधार नाही. तरी ती वेगवेगळ्या नावांनी परत येते. माझ्याकडे आलेल्या पालकांना हे सांगणं हे माझ्या कामातलं सगळ्यात जड काम आहे. आशा काढून घेणारा माणूस कुणाला आवडेल?

आपल्याकडचं उदाहरण हवं असेल तर बोटांचे ठसे घेऊन मुलाची बुद्धिमत्ता आणि करिअर सांगणारी ‘डीएमआयटी’ घ्या. शाळांतून, क्लासेसमधून तिचे रंगीत अहवाल वाटले जातात, आणि पालक म्हणतात, ‘अगदी बरोबर सांगितलंय हो!’ बरोबर वाटणारच. अहवाल असा लिहिलेला असतो, की तो जवळपास कुठल्याही मुलाला बसावा. चाचणी सोपी आहे: दहा मुलांचे अहवाल नावं काढून पालकांना द्या आणि आपल्या मुलाचा ओळखायला सांगा. इंडियन सायकियाट्रिक सोसायटीनेही या प्रकाराला शास्त्रीय आधार नसल्याचं स्पष्ट केलं आहे. हस्ताक्षरावरून स्वभाव सांगणाऱ्यांचंही तेच. अशा ठिकाणी पाटीवर ‘सायकॉलॉजी’ लिहिलेलं असलं तरी मी त्याला या विषयात धरत नाही. मनोविश्लेषणाचे जनक फ्रॉइड यांचं काय, असं तुम्ही विचाराल. बालपण आणि नकळत चालणारे मनोव्यापार यांकडे त्यांनी लक्ष वेधलं, हे मोठंच. पण त्यांचे बरेच सिद्धांत असे आहेत, की पेशंट हो म्हणाला तरी खरे आणि नाही म्हणाला तरी खरे. मी शिकवताना त्यांना इतिहासात ठेवतो.

प्रश्न कसा विचारला यावर उत्तर कसं ठरतं, हाही या विषयाचा भाग. एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर यांनी १९७४ मध्ये लोकांना मोटारींच्या टकरीच्या चित्रफिती दाखवल्या आणि गाड्यांचा वेग विचारला. काहींना प्रश्नात ‘गाड्या धडाडून आदळल्या तेव्हा’ अशा अर्थाचा शब्द होता, काहींना ‘एकमेकींना लागल्या तेव्हा’ अशा अर्थाचा. चित्रफीत तीच, पहिल्यांनी सरासरी ताशी ४०.५ मैल सांगितला, दुसऱ्यांनी ३१.८. साक्षीपुराव्यावर विसंबणाऱ्या प्रत्येक कोर्टाने हा आकडा भिंतीवर लावावा. मीही पालकांना ‘मुलगा दिवसभर मोबाइलवर असतो का?’ असं विचारत नाही. ‘काल शाळेतून आल्यापासून झोपेपर्यंत काय काय झालं ते क्रमाने सांगा’ असं विचारतो. उत्तरं वेगळी येतात.

मग हे भौतिकशास्त्रासारखं पक्कं शास्त्र आहे का? तितकं नाही, आणि तसं भासवणाऱ्यांपासून जपून राहावं. २०१५ मध्ये संशोधकांच्या मोठ्या गटाने नामांकित मानसशास्त्रीय नियतकालिकांतले १०० अभ्यास पुन्हा करून पाहिले. मूळच्या ९७ टक्के अभ्यासांत परिणाम सांख्यिकीदृष्ट्या लक्षणीय, म्हणजे निव्वळ योगायोग म्हणून सहज झटकता न येणारा, होता. पुन्हा करताना तो जेमतेम ३६ टक्क्यांत मिळाला. स्मृती, आकलन यांवरचे प्रयोग त्या मानाने टिकले, सामाजिक मानसशास्त्राची जास्त पडझड झाली. याची कारणं कळली आहेत: छोटे नमुने, हवा तो निकाल मिळेपर्यंत आकडे वेगवेगळ्या रीतीने पिळणं, नकारात्मक निकाल न छापणं. आता बरेच संशोधक अंदाज आणि विश्लेषणाची रीत आधीच जाहीर करून मग प्रयोग करतात. आपल्याकडच्या वर्गांत मात्र ती पडलेली जुनी गाजलेली संशोधनं अजून छातीठोकपणे शिकवली जातात. मुलगी शिकायला लागली की शिक्षकांना हे विचारायला सांगा. काही जणांना राग येईल.

दुसरी मर्यादा आपल्याला जास्त टोचणारी आहे. जोसेफ हेन्रिक आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये दाखवून दिलं, की ‘माणूस असा वागतो’ ही विधानं ज्यांच्यावरून केली ते प्रामुख्याने पाश्चात्त्य, शिकलेले, सुखवस्तू देशांतले लोक, त्यातही बरेचसे कॉलेजचे विद्यार्थी. अगदी दृष्टिभ्रमसुद्धा सगळीकडे सारखा नसतो. बाणाची टोकं आत आणि बाहेर वळवलेल्या दोन सारख्या रेषांपैकी एक लांब भासते, हा प्रसिद्ध भ्रम काही समाजांत फार कमी आढळला. म्हणून आयात केलेली चाचणी जशीच्या तशी वापरणं धोक्याचं.

इथे आपल्या भागाचं काम सांगण्याजोगं आहे. पॅरिसमध्ये बिने आणि सिमों यांनी १९०५ मध्ये पहिली बुद्धिमापन चाचणी केली, ती शाळेत मागे पडणाऱ्या मुलांना मदत कुणाला हवी हे ओळखण्यासाठी. व्ही. व्ही. कामत यांनी १९३० च्या दशकात ती कानडी आणि मराठी मुलांसाठी बेतली. बिने-कामत चाचणी म्हणून ती आजही वापरात आहे. पुढे नागपूरला आर्थर मलिन यांनी वेक्सलर यांच्या बुद्धिमापन चाचणीचं भारतीय रूप केलं, तेही मराठीत उपलब्ध होतं. विद्यापीठांतली सुरुवात कोलकात्याची. तिथे १९१६ मध्ये देशातला पहिला मानसशास्त्र विभाग निघाला. तो उभारणारे सेनगुप्ता हार्वर्डला म्युन्स्टरबर्ग यांच्याकडे शिकलेले आणि म्युन्स्टरबर्ग वुंट यांचे विद्यार्थी. पुणे विद्यापीठात १९५० मध्ये कोठुरकरांनी विभाग उभा केला आणि त्याचं नाव मुद्दाम ‘प्रायोगिक मानसशास्त्र’ ठेवलं, यातच त्यांचा रोख कळतो. (म्हैसूरच्या मानसशास्त्र विभागाचे गोपालस्वामी यांनी १९३५ मध्ये घरातून रेडिओ केंद्र सुरू केलं आणि त्याचं नाव ‘आकाशवाणी’ ठेवलं. विषयाशी संबंध नाही, पण सांगितल्याशिवाय राहवत नाही.)

जुन्या चाचण्यांचं कौतुक करताना एक गोष्ट विसरून चालत नाही. बुद्ध्यंक म्हणजे मुलाच्या डोक्यातलं वजन नव्हे. त्याच्या वयाच्या इतर मुलांत तो कुठे बसतो याची ती नोंद आहे. ती ‘इतर मुलं’ ९० वर्षांपूर्वीची असतील तर नोंद चुकणार. जेम्स फ्लिन यांनी अनेक देशांत दाखवून दिलं, की पिढी दर पिढी चाचण्यांतले गुण वाढत गेले; अमेरिकेत दशकाला साधारण तीन गुण. म्हणजे जुन्या प्रमाणकांवर आजच्या मुलाचा बुद्ध्यंक फुगून येतो. मतिमंदत्वाच्या सीमारेषेवरचं मूल त्या फुगवट्यामुळे रेषेच्या वर जातं, आणि दिव्यांग प्रमाणपत्र, दहावीतल्या सवलती, सगळं हुकतं. अहवाल हातात आला की आकड्याआधी पाहा: कोणती चाचणी, तिची प्रमाणकं कधीची, मुलाची तपासणी कोणत्या भाषेत झाली. घरी अहिराणी किंवा गोंडी बोलणाऱ्या मुलाची शब्दांवर आधारलेली चाचणी प्रमाण मराठीत घेतली तर नक्की काय मोजलं, हे घेणाऱ्याने सांगावं.

हद्दीचा प्रश्न अजून बाकी आहे. मेंदूतल्या पेशी कशा चालतात हे मेंदूविज्ञान सांगतं, समाजातल्या संस्था आणि जातिवर्ग यांचा हिशेब समाजशास्त्र मांडतं, आणि त्या दोहोंच्या मधला, एका माणसाच्या पातळीवरचा प्रदेश आमचा. कुंपण पक्कं नाही. आठवीतला मुलगा ‘अभ्यासात लक्ष देत नाही’ म्हणून आणला जातो. मी आधी डोळे आणि कान तपासले का विचारतो, झोप विचारतो, गरज वाटली तर डॉक्टरांकडून रक्त तपासून घ्यायला सांगतो. त्यानंतर वाचन-लेखन पाहतो, कारण अध्ययन अक्षमता असलेलं मूल दोन-तीन वर्षं ‘आळशी’ हे नाव घेऊन फिरलेलं असतं. मग घर, शाळा, मित्र. सगळे धागे तपासून झाल्यावर लक्षाच्या दोषाबद्दल बोलायचं. पालकांना पहिल्याच दिवशी निदान हवं असतं, ते मी देत नाही.

कोण काय करतो, याचाही बऱ्याच जणांच्या मनात घोळ असतो. मनोविकारतज्ज्ञ म्हणजे एमबीबीएस नंतर मनोविकारशास्त्रात पदव्युत्तर शिक्षण घेतलेले डॉक्टर. औषधं तेच लिहितात. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट औषधं देत नाही. तपासणी आणि मानसोपचार करतो, आणि त्याची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी लागते. ही परिषद १९९२ च्या कायद्याने चालते. अहवालावर नोंदणी क्रमांक असतो, तो विचारण्यात संकोच नको. समुपदेशक ही पाटी मात्र वर्षानुवर्षं जवळपास कुणीही लावू शकत होतं: दोन वर्षांची पदव्युत्तर पदवी घेतलेलेही आणि शनिवार-रविवारचा कोर्स केलेलेही. २०२१ च्या आरोग्य व्यावसायिकांच्या केंद्रीय कायद्यात या मंडळींचाही समावेश आहे, त्यामुळे चित्र बदलायला हवं. तोवर शिक्षण कुठे झालं, कुणाच्या देखरेखीखाली पेशंट पाहिले, हे दोन प्रश्न विचारायचे.

आणि सगळेच पेशंट पाहत नाहीत. कुणी कारखान्यात अपघात का होतात ते पाहतं, कुणी मोबाइल ॲपचे पडदे सुटसुटीत आहेत का ते तपासतं, कुणी सैन्यातल्या निवडीत, कुणी खेळाडूंबरोबर, कुणी कधीही माणसाला न भेटता फक्त आकडेवारीत काम करतं. ‘लोकांना मदत करायची आहे’ एवढ्याच ओढीने आलेली मुलं पहिल्या वर्षी सांख्यिकी समोर आली की हिरमुसतात. मुलीला आत्ताच सांगून ठेवा, की सरासरी, प्रमाण विचलन, सहसंबंध यांच्याशी मैत्री करावी लागेल. वर सांगितलेलं फुंग्स्टचं काम काय किंवा शंभर अभ्यासांची फेरतपासणी काय, त्याशिवाय वाचताही येत नाही.

प्रवेश घेण्याआधी तिला घेऊन दोन-तीन कॉलेजांच्या मानसशास्त्र विभागात जाऊन या. प्रात्यक्षिकं खरोखर होतात की वह्या एकमेकींच्या पाहून भरतात, हे शेवटच्या वर्षाच्या मुलींना विचारा. शिक्षकांना विचारून कळणार नाही. संशोधन पद्धती कोण शिकवतं ते विचारा. आणि तिला घरीच एक प्रयोग करू द्या: लाल, हिरवा, निळा, पिवळा हे शब्द वेगळ्याच रंगांच्या स्केचपेनने लिहायचे, ‘लाल’ हिरव्याने, ‘निळा’ पिवळ्याने, असे तीसेक. घरच्यांना शब्द न वाचता शाईचा रंग सांगायला लावायचं आणि मोबाइलवर वेळ मोजायची. मग नुसत्या रंगांच्या ठिपक्यांवर तसंच. दोन वेळांत फरक पडेल. जॉन स्ट्रूप यांनी १९३५ मध्ये हाच फरक इंग्रजी शब्दांवर मोजला होता. अजून वाचायला न शिकलेला एखादा लहानगा शेजारी असेल तर त्यालाही बसवा. त्याला फक्त रंगांची नावं यायला हवीत. त्याचे दोन आकडे आणि तुमचे दोन आकडे वेगळे का आले, याचं स्पष्टीकरण तिला सुचेल तसं लिहू द्या, आणि ते चूक ठरवायचं असेल तर पुढे काय करून पाहावं लागेल, हेही खाली लिहायला सांगा.